अर्ध्या दिव्याचा माणूस

भाईंदरला बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर मला पारावर बसणाऱ्या सगळ्यांनी विचारलं. आमच्या आष्ट्याच्या माणसाला मुंबई म्हटली की समुद्र, राणीची बाग आणि मंत्रालय एवढंच डोळ्यांपुढे येतं. भाईंदर कुठे येतं हे सांगायला लागलो की ऐकणारा तंबाखूची डबी काढतो. म्हणून आधीच सांगतो, मी तिथे पंधरवडाभर राहिलो, पण देऊळ बघितलं नाही, बाग बघितली नाही. एक रस्ता बघितला, आणि तोही बराचसा अंधारात. त्या रस्त्याचं हे वर्णन आहे. ज्याला फोटो काढण्याजोगी ठिकाणं हवीत त्याने इथूनच मागे फिरायला माझी हरकत नाही.

जाण्याचं कारण होतं आक्का, माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, होळीच्या आधी गेले. मूलबाळ नाही. इकडे मीही एकटाच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळूरला तिच्या संसारात. आक्काने आष्ट्याला येऊन राहावं म्हणून दाजींचं कार्य झाल्यापासून मी तिच्या मागे लागलो होतो, आणि दिवाळीनंतर एकदाची ती फोनवर 'ये घ्यायला' म्हणाली. मी लगेच मागच्या खोलीला चुना काढला. आक्का उंचीने बेताची, म्हणून स्वयंपाकघरातला जुना ओटा फोडून तिच्या उंचीचा नवीन करून घेतला. गवंडी म्हणाला, काका, बुटका होतोय. मी म्हटलं, होऊ दे, करणारी येतीय.

भाईंदर पश्चिम

प्रवासाचं सांगत बसत नाही. रात्रभर शेजाऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि सकाळी ते उचलताना तो माझ्याकडेच रागाने बघत होता, एवढं पुरे.

आक्काचा फ्लॅट पश्चिमेला, जुन्या बाजाराच्या पलीकडे. सकाळी सगळी बिल्डिंग स्टेशनच्या दिशेने रिकामी होते आणि दिवेलागणीनंतर पुन्हा भरते. मधल्या वेळात जिन्यात कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येतात. प्रत्येक घराला लाकडी दार आणि त्याच्यापुढे लोखंडी जाळीचं दार. आमच्याकडे गुरांना सुद्धा एकच फाटक असतं.

आक्काचं बोलणं ऐकून गंमत वाटायची. भाजीवाल्याशी हिंदी, समोरच्या बेनशी मोडकंतोडकं गुजराती, वॉचमनशी तिसरंच काहीतरी. मराठी ती देवाशी बोलायची आणि आता माझ्याशी.

"इतकी वर्षं झाली, ओळखीपाळखी असतीलच की," मी म्हटलं.

"माणसं चांगली आहेत रे. हे गेले तेव्हा सगळे आले, खांदा दिला, चहा करून आणला. पण खालच्या फळ्यावर यांचं नाव लिहायचं तर बेन मला विचारायला आली, अंकलका नाम क्या था." आक्का भाजी निवडत होती, ती थांबली नाही. "त्या आठवड्यात आपणहून परत आला तो फक्त पेपरवाला. पेपर चालू ठेवू का बंद करू, म्हणून."

"मग?"

"चालू ठेवला. सकाळी कोणीतरी दारात येतं, तेवढंच."

मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तिला इथे धरून ठेवणारं काही नाही, म्हणजे ती येणार. फ्लॅटचं गिऱ्हाईक बघायला तिने गोडदेवच्या एका एजंटाला सांगितलंही होतं.

दोन दिवस मी खिडकीत बसून काढले. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली दाजींची सायकल दिसली. दाजी मुंबईत एका कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी सायकल काढून उत्तनला समुद्र बघायला जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. पावसाळा सोडला तर खाडा नाही. स्वभावाने इतके जपून की चहाची बशी ठेवतानासुद्धा आवाज होणार नाही. सायकलही तशीच होती. मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा, त्याच्यावर लाल रिफ्लेक्टर, मागच्या चाकाला डायनॅमो. पण पुढचा दिवा बघून मला हसू आलं. त्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग त्यांनी काळ्या रंगाने रंगवला होता, जुन्या ट्रकांच्या दिव्यांचा असायचा तसा.

"आक्का, हे काय?"

"समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून."

"सायकलचा दिवा? डायनॅमोचा?"

"मीही हसायची," आक्का म्हणाली, आणि हसली नाही.

हसण्याचा मला तसा अधिकार होता. साखर कारखान्यात असताना हंगामाच्या सुरुवातीला उसाच्या बैलगाड्यांना मागे लाल चमकते पत्रे ठोकून घेण्याचं काम माझ्याकडे असायचं. अंधारात उसाची गाडी मागून दिसत नाही आणि ट्रकवाला सरळ तिच्यात शिरतो. गाडीवानांना ते पत्रे फार आवडायचे, म्हणून ते काढून घरी न्यायचे. एकाने तर बैलाच्या कपाळाला बांधला होता. मागून येणाऱ्याला बैलाचं कपाळ कसं दिसणार, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, पर बैल किती झ्याक दिसतोय बघा की. अशा लोकांत आयुष्य गेलेल्याला दाजींचा अर्धा दिवा म्हणजे नवलच होतं.

मी चाकांत हवा भरून घेतली आणि त्याच संध्याकाळी निघालो.

मुर्धा, राई, मोर्वा

बाजार आणि सोसायट्या मागे पडल्या की रस्ता पश्चिमेला वळतो आणि एकदम मोकळा होतो. दोन्ही बाजूंना मिठागरं. पाण्याचे सपाट चौकोन, बांधावर पांढरे ढीग, त्यांच्यापलीकडे खारफुटीची झाडी आणि खाडीचा वास. हा वास पहिल्या दिवशी नकोसा होतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावाचून चुकल्यासारखं वाटतं. मध्ये मुर्धा, राई, मोर्वा अशी एकामागून एक जुनी गावं लागतात. बसकी घरं, अंगणात तुळस, ओट्यावर बायका मासळी साफ करत बसलेल्या. त्यांच्या बोलण्यात 'हाय' आणि 'न्हाय' ऐकू आलं आणि मला आपल्याकडच्या कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं. पण हाक मारली नव्हती कोणी.

पहिल्या दिवशी मी मोर्व्यापर्यंतच गेलो. परत फिरलो तेव्हा अंधारलं होतं. रस्त्यावरचे दिवे लांब लांब, त्यांतले निम्मे बंद. डायनॅमो चाकाला लावला, तो घरघरायला लागला आणि रस्त्यावर पिवळट उजेडाचा एक तुकडा पडला. अर्धा.

आता त्या रस्त्याचं खरं वर्णन करतो. समोरून मोटार येते ती दोन्ही डोळे वटारून. फुल लाइट लावणाऱ्याची अशी समजूत असते की आपल्याला सगळं दिसतंय म्हणजे सगळ्यांनाच सगळं दिसतंय. त्याचा उजेड डोळ्यांत गेला की रस्ता, कडा, खड्डा, सगळं जातं. उरतं ते हँडल, आणि तेही हातात आहे म्हणून. मोटार निघून गेली की मागे राहिलेला अंधार आधीच्यापेक्षा दाट असतो. मी पाय टेकत, खाडीत जातोय की रस्त्यावर आहे ते चाचपत चाललो होतो.

सायकलवालेही काही साधुसंत नव्हते. राईच्या पुढे एक जण उलट्या बाजूने, बिनदिव्याचा, काळा शर्ट घालून माझ्या कोपराला घासून गेला. दिसला तो घासल्यावर. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या लहानपणी आष्ट्याला बिनबत्तीच्या सायकलवाल्याला हवालदार अडवायचा आणि दोन्ही चाकांतली हवा सोडून द्यायचा. तेव्हा त्या हवालदाराचा फार राग यायचा. त्या संध्याकाळी मला तो मनापासून आठवला.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. अंधारात समोरून पावलं ऐकू आली की माणूस विचारतो, "कोण हाय?" समोरचा नाव सांगतो, मग हा आपलं सांगतो, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. काम काही नसतं. तू मला दिसलास, मी तुला दिसलो, एवढ्यासाठीच ते असतं. भाईंदरच्या रस्त्यावर इतकी माणसं माझ्या अंगावरून गेली, पण मी कोण हे कोणाला नको होतं. गर्दीच्या गावात माणूस इतका एकटा असू शकतो हे मी ऐकून होतो, त्या दिवशी अनुभवलं.

मुर्धा जवळ आलं तेव्हा समोरून आणखी एक गाडी आली. मी डोळे बारीक करून तयारीत होतो. पण बरंच अंतर असतानाच तिचे दिवे खाली झाले. गाडीचा वेगही कमी झाला. एक छोटा टेम्पो माझ्या बाजूने हळू निघून गेला. मागे ताडपत्री होती आणि खालून पाणी ठिबकत होतं.

एवढंच झालं, पण मी वळून त्याच्याकडे बघत राहिलो. त्या गावात मी आहे याची कोणीतरी नोंद घेतली होती.

उत्तन

त्यानंतर मी रोज जायला लागलो आणि उत्तन गाठायला लागलो. उत्तन म्हणजे समुद्र, होड्या, चर्चची घंटा आणि बोंबील. थंडीच्या दिवसांत किनाऱ्याला बांबूंचे उंच मांडव घालतात आणि ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते आडव्या बांबूंवर टांगतात. ओळीच्या ओळी. मी देशावरचा माणूस, मासा म्हणजे नदीचा आणि तोही कधीमधी. मी बराच वेळ बघत राहिलो, तेव्हा खाली बसलेली एक कोळीण म्हणाली, "काका, घेवाचं हाय का बघाचं हाय?"

"बघायचंय."

"बघा. बघाला पैसे न्हाय."

दाजी असेच इथे उभे राहत असतील. आक्का सांगत होती की ते पिशवीत बोंबील आणायचे. ती ते चिरून, पाट्याखाली दाबून पाणी काढायची आणि रव्यात घोळून तळायची. ते गेल्यापासून घरात बोंबील आला नव्हता. एकटीसाठी कोण दाबत बसणार, म्हणाली.

परतीच्या वाटेवर जवळजवळ त्याच ठिकाणी, मुर्ध्याच्या अलीकडे, रोज तो टेम्पो भेटायचा. रोज लांबूनच दिवे खाली करायचा. मी त्याची वाट बघायला लागलो. दिवसभरात आक्का सोडून मला ओळखणारं तेवढंच होतं, असं मी धरून चाललो होतो. उलट काय करावं ते कळेना. सायकलच्या दिव्याला खाली-वर काही नसतं. शेवटी मी ठरवलं, निदान त्याला रस्ता तरी मोकळा करून द्यावा. आपल्याकडे वाट देताना माणूस थांबतो.

म्हणून त्या संध्याकाळी टेम्पोचे दिवे खाली झाल्याबरोबर मी कडेला झालो, पाय टेकला आणि अदबीने थांबलो.

डायनॅमो चाकावर चालतो. चाक थांबलं की दिवा विझतो. जन्मभर सायकल चालवलेल्या, गाड्यांना लाल पत्रे ठोकत हिंडलेल्या माणसाला हे त्या घडीला आठवू नये, याला काय म्हणावं. समोरच्याला मी दिसावा म्हणून थांबलो आणि थांबल्यामुळेच नाहीसा झालो. टेम्पोने करकचून ब्रेक मारला. त्याच्या मागून पुढे घुसायला निघालेली एक मोटार हॉर्न वाजवत, डोळे दिपवत माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून निघून गेली.

टेम्पोतून एक माणूस उतरला आणि धावत आला. तो माझ्याकडे न बघता रस्त्याच्या कडेला खाली, पाण्याकडे वाकून बघत होता.

"पडलाव काय हो? कुठे हाव?"

"इथे आहे," मी म्हटलं.

तो वळला. पन्नाशीचा, काळासावळा, हाफ पँट, खांद्यावर टॉवेल. त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"तुमी ते न्हाय," तो म्हणाला. "ही सायकल कोनाची? तुमच्याकडं कशी?"

त्याने सायकलचं हँडल धरलं होतं. मी चोर आहे असंच त्याला वाटत होतं.

"माझ्या दाजींची आहे. बहिणीच्या यजमानांची."

"मंग ते कुठे हायेत?"

"गेले. होळीच्या आधी."

त्याचा हात हँडलवरून सुटला. "रस्त्यावर?"

"नाही. घरी. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत."

"रस्त्यावर न्हाय ना? नक्की?"

"नक्की. मी कार्याला आलो होतो."

तो टेम्पोच्या पायरीवर जाऊन बसला आणि टॉवेलने तोंड पुसत राहिला. मागे बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मग सांगायला लागला. त्याचं नाव हरेश्वर, राहणार मुर्ध्याचा. रोज संध्याकाळी होड्यांसाठी उत्तनला बर्फ नेतो. दाजींचं नाव त्याला माहीत नव्हतं. कधी बोलणं झालं नव्हतं. तो दिवे खाली करायचा आणि दाजी आपल्या दिव्यावर एकदा तळहात आडवा धरून काढायचे. म्हणजे तुझं पोचलं, मी कडेला आहे, जा. वर्षानुवर्षं दोघांचं एवढंच चाललं होतं.

"एक दिवस माझा डिपर लागेना," हरेश्वर म्हणाला. "स्विच अडकला होता. फुल लाइट त्यांच्या तोंडावर गेली. त्यांनी हात दिला, पन माझा दिवा खाली झालाच न्हाय. वलून बघला तं अंधार. दुसऱ्या दिवशी ते न्हाय. तिसऱ्या दिवशी न्हाय. मना वाटला, मीच त्यांना खाडीत घातला."

"मग कोणाला विचारलं नाहीत?"

"काय इचारनार? नाव न्हाय म्हाइत, तोंड धड बघला न्हाय. राईपासून भाईंदरपरेंत सगल्या सायकलवाल्यांच्या दुकानात गेलो. अर्ध्या दिव्याचा मानूस कुठे गेला, म्हटला. लोक हसले." त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "आता या आठवड्यात दिवा पुन्ना दिसला. मी घरी जाऊन बायकोला सांगला, तो मानूस हाय. पन तुमी हात देत नव्हताव. मी म्हटला, रुसलाय."

बर्फ वितळत होता म्हणून तो उठला. जाताना म्हणाला, "थांबू नका हो कदी. मी दिवा खाली करतो, तुमी चालत ऱ्हावा. आनि वैनींना सांगा."

गोडदेव

ते मी आक्काला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला गोडदेवला गेलो. गोडदेव गाव होतं म्हणतात. आता इमारतींच्या मध्ये एखादं कौलारू घर आणि एक देऊळ वाट चुकल्यासारखं उभं आहे. एजंटाचं दुकान एका गाळ्यात होतं. त्याने आम्हाला थंड पाणी दिलं आणि आक्काला म्हणाला, "मावशी, पार्टी एकदम अच्छी है. कल शाम को टोकन ले लो. काय आहे ना, लेट केला तर पार्टी दुसरीकडे जाईल."

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोलायला पाहिजे ते मी बोललो नाही. मनात माझं गणित सरळ होतं. हरेश्वरचं सांगितलं तर आक्का ढिली पडणार. दाजींना इथे कोणी ओळखत नव्हतं, या एकाच गोष्टीवर तिचं येणं टिकून होतं, आणि माझा नवा ओटाही. मला माझ्या घरात माणूस हवं होतं. सकाळी उठल्यावर दुसऱ्या खोलीत कोणीतरी खोकलेलं ऐकायला मिळावं, एवढंच हवं होतं.

संध्याकाळी तरीही सायकल काढलीच. मुर्ध्याजवळ हरेश्वर टेम्पो उभा करून माझी वाट बघत होता. त्याने बर्फ घातलेली एक पिशवी माझ्या हँडलला अडकवली. "बोंबील हायेत. वैनींना द्या. सांगलाव ना त्यांना?"

मी हो म्हटलं.

घरी येईपर्यंत पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि माझ्या पायजम्याला माशांचा वास येत होता. विकत आणले, असं सांगता आलं असतं. जिना चढेपर्यंत माझा तोच विचार होता. आक्काने पिशवी उघडली आणि तिथेच उभी राहिली.

"तुला कुठे कळतं बोंबलातलं? कोणी दिले?"

तिचा चेहरा बघून मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. अर्धा दिवा, खाली होणारा दिवा, तळहात, सायकलच्या दुकानांतली विचारपूस, सगळं. ऐकून झाल्यावर तिने बोंबील धुतले, चिरले, स्वच्छ फडक्यावर पसरले आणि वर पाटा ठेवला. मग त्या पाट्यावर दोन्ही हात दाबून धरून रडली.

"मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. "रोज परत आले की खुशीत असायचे. मी म्हणायची, त्या समुद्रात रोज काय नवीन असतं."

बोंबील मी पहिल्यांदाच खाल्ला. बाहेरून कुरकुरीत आणि आत काहीच नसल्यासारखा मऊ. आक्काने मला आग्रह केला आणि स्वतःही खाल्ला. झाकपाक करताना तिने विचारलं, "हात कसा धरायचे? असा की असा?"

मला माहीत नव्हतं.

पुन्हा मुर्धा

एजंट ज्या संध्याकाळी टोकन, म्हणजे विसाराचे पैसे, घेऊन येणार होता, त्या संध्याकाळी आक्का माझ्याबरोबर निघाली. तिला सायकल येत नाही. मी सायकल हातात धरून आणि ती माझ्या बाजूने, असे आम्ही मिठागरांपर्यंत चालत गेलो. इतकी वर्षं भाईंदरला राहून ती या रस्त्याला संध्याकाळी कधी आली नव्हती. अंधार पडला तसं तिने माझा दंड धरला.

मुर्धा ओलांडल्यावर, टेम्पो भेटायचा त्या जागी, मी सायकल कडेला स्टँडवर लावली, तोंड भाईंदरकडे करून. मागचं चाक उचललं गेलं. मी खाली उकिडवा बसलो आणि पेडल हाताने फिरवायला लागलो. डायनॅमो घरघरला, दिवा लागला. दोन मोटारी फुल लाइट टाकत गेल्या. आक्का डोळ्यांवर पदर धरून उभी होती. माझा हात भरून आला, पण फिरवणं सोडलं नाही. सोडलं की दिवा जाणार होता.

मग टेम्पो आला. लांबूनच त्याचे दिवे खाली झाले.

"हा?" आक्काने विचारलं.

"हा."

तिने पुढे होऊन दिव्यावर तळहात धरला. उजेड गेला. पुन्हा काढला. टेम्पोचे दिवे एकदा वर झाले आणि परत खाली झाले. तो आमच्याजवळ आल्यावर अगदी हळू झाला. दोन दिवस माझ्यापायी उशीर झाला होता, आज थांबणं त्याला परवडणारं नव्हतं, बर्फ होता. हरेश्वरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वैनी, घरी या. मुर्ध्यात कोनालाबी इचारा, बर्फवाला हरेश्वर. बायको दोन दिस इचारते तुमचं."

"येते," आक्का म्हणाली.

टेम्पो गेला. मागच्या दिव्याचा लाल ठिपका राईच्या वळणापर्यंत दिसत होता. आक्का तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी होती. मी पेडल सोडलं आणि गुडघे धरून उठलो.

परतताना पहिल्या सोसायटीचा उजेड आला तेव्हा ती म्हणाली, "बापू, मी येत नाही रे."

"मला वाटलंच."

"तुझ्याकडे आले तर तुझी बहीण म्हणून राहीन. वाईट नाही काही. पण इथे कोणीतरी त्यांना शोधत होतं, आणि मी चार भिंतींत बसून म्हणत होते की कोणी नाही. मला आता इथूनच जायचंय, जायचं तेव्हा." मग थोड्या वेळाने, "तू ओटा केलास ना?"

"केला."

"माझ्या उंचीचा?"

मी सायकल पुढे ढकलत राहिलो. तिने पुन्हा माझा दंड धरला आणि आम्ही घरी आलो. एजंट दारात वाट बघून निघून गेला होता.

आष्टा

परत येऊन आता महिना होत आला. बुटक्या ओट्यावर मी वाकून चहा करतो आणि कंबर धरतो. मागच्या खोलीचा चुना अजून नवा दिसतो. राग नाही. एकटं वाटतं, ते मात्र लपवत नाही.

मीही सायकलला डायनॅमो बसवून घेतला आणि काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग दिला. दुकानदार हसला. संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला जातो. उसाचे ट्रॅक्टर येतात, मोटारसायकली येतात, सगळे फुल लाइटवर. 'कोण हाय' म्हणून विचारणारं आता आमच्याकडेही कोणी राहिलेलं नाही. पारावर बसून भाईंदरला नावं ठेवताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी प्रत्येकाला दिव्यावर हात धरून दाखवतो आणि थांबत नाही.

आक्का आता बॅटरी घेऊन मुर्ध्यापर्यंत चालत जाते. काल तिचा फोन आला. आवाजात जरा धाप होती.

"आज बर्फाला उशीर झाला," म्हणाली. "थांबले होते. त्याची बायकोही आली होती सोबतीला. तुझं काय? कोणी दिवा खाली केला?"

"अजून कोणी नाही."

"जात राहा," आक्का म्हणाली. "यांना तरी पहिल्या दिवशी कोणी केला असेल?"